उंबऱ्यावर ठेवलेली सुरी

आगोट आली की आमच्या गल्लीला तीन वास येतात. गच्चीवर वाळणाऱ्या सुकटीचा, भाजलेल्या मिरच्यांचा आणि नाल्यातून काढून कडेला टाकलेल्या गाळाचा. पहिले दोन आमचे. तिसरा शहराचा. तो गाळ पंधरा दिवस रस्त्याच्या कडेला वाळत पडतो, मग पाऊस येतो आणि सगळा परत नाल्यात ढकलतो. दर वर्षी हेच चालतं आणि दर वर्षी कुणीतरी येऊन त्या गाळाच्या ढिगाचा फोटो काढून जातं.

पावसाच्या चार महिन्यांची बेगमी आधीच करून ठेवायची, तिला आम्ही आगोट म्हणतो. तांदूळ, मसाला, सुके बोंबील, चिंच, खडे मीठ. विळी-कोयत्याला धार लावून घ्यायची, कारण पावसात धारवाला फिरकत नाही. लग्न होऊन शिरवणे गावात आले तेव्हा मला हे दिवस फार आवडायचे. भरलेल्या डब्यांकडे बघितलं की वाटायचं, आता काय यायचं ते येऊ दे. आता तसं वाटत नाही. आता सुकटीचा वास आला की माझ्या हाताला पाण्याखालचा उंबरा लागतो. थंड, बुळबुळीत आणि रिकामा.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, जीभ टाळ्याला चिकटते. लिहायला थोडंफार जमतं. लेकीच्या मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. बोलता आलं असतं तर लिहायची वेळ आली नसती.

या वर्षी आगोटीला नवा शब्द मिळाला. बचत गटात एक मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, प्रत्येक घरात एक आपत्कालीन पिशवी भरलेली हवी. पाणी शिरलं की ती उचलायची आणि बाहेर पडायचं. पंखा गरगरत होता, आम्ही पंधरा-वीस बायका सतरंजीवर बसलो होतो आणि मॅडम यादी वाचत होत्या. टॉर्च, शिट्टी, औषधं, आधार कार्डाच्या झेरॉक्स, सुका खाऊ, दोरी, चाकू.

चाकू म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मॅडमना काही कळेना. त्या हसून म्हणाल्या, काय झालं? तेव्हा माझी धाकटी जाऊ कुंदा, तिकडे खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली, "चाकूचं आमचे मोठीला इचारा. तिना पान्यान टाकाची सवय हाय."

बायका हसल्या. काही जणींनी पदर तोंडाला लावला, म्हणजे मी बघितलं तर हसल्या नाहीत असं म्हणता यावं. मी सतरंजीची एक सुटलेली दशी बोटाला गुंडाळत राहिले. मॅडमनी यादी पुढे वाचली. मेणबत्ती, काडेपेटी, प्लास्टिकची पिशवी.

कुंदा आणि मी एकाच घरात राहतो. खालच्या मजल्यावर मधोमध पॅसेज, डावीकडे आमच्या दोन खोल्या, उजवीकडे त्यांच्या दोन. वर भाडेकरू. बारा वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, पाट वाटले. सासूची विळी तिला गेली, कोयता मला आला. मला विळी हवी होती. मासे कापायला तशी विळी सगळ्या गावात नव्हती. मी बोलले नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, मोठी गप्प बसते आणि गप्प बसूनच सगळं घेते. तेव्हापासून माझ्या लाजेला ती कावा म्हणते. बारा वर्षं आम्ही एकाच दारातून आत-बाहेर करतो. ती पॅसेजमध्ये असली की मी आत थांबते. मी असले की ती मुद्दाम झाडू काढते, आणि धूळ बरोबर माझ्या दाराशी आणून सोडते.

माझंही तिच्याबद्दल बरं मत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. तिचा आवाज मला सहन होत नाही. तिचं हसणं, फोनवर बोलताना जिन्यापर्यंत जाणं, दुसऱ्याच्या भांड्यात डोकावणं. फक्त तिच्या भाकऱ्या मला आवडायच्या. तांदळाची भाकरी, वहीच्या पानासारखी पातळ, काठ कुठे फाटलेला नाही. हळदी-लग्नात गावातल्या बायका तिलाच बोलवायच्या. दोन तळहातांत पीठ फिरायला लागलं की बघणाऱ्याला वाटायचं, हिच्या हाताला हाडंच नाहीत.

आता ती भाकरी करत नाही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. पीठ हातात घेतलं की त्या बाजूने भाकरी फाटते. ती बोटं माझ्यामुळे गेली, असं ती सांगते. गल्ली ते मानते. मी काय मानते, तेच मला वर्षभर कळत नाही.

गेल्या पावसात नारळी पुनवेच्या उधाणाला पाणी आलं. आमचं गाव आधी उंच होतं, असं म्हातारी माणसं सांगतात. मग आजूबाजूला भराव पडला, रस्ते झाले, दर वेळी डांबराचा नवा थर चढत गेला. शहर वर गेलं आणि आम्ही तिथेच राहिलो. आता रस्त्यावरून आमच्या ओट्यावर उतरायला दोन पायऱ्या आहेत. खाडीला भरती असली की नाला पाणी घेत नाही. त्यात पाऊस लागला की कंपन्यांच्या बाजूचं सगळं पाणी वळून आमच्याकडे येतं. पाण्याला खाली जायचं असतं आणि खाली आम्ही असतो.

दुपारची वेळ होती. पुरुष कामावर, स्नेहल, म्हणजे माझी सून, ऑफिसात. मेन स्विच मी आधीच पाडला होता. बघता बघता पाणी गुडघ्याच्या वर आलं. डबे माळ्यावर टाकत होते तेवढ्यात कुंदाची हाक आली. चुली वेगळ्या झाल्यापासून तिने मला हाक मारली नव्हती. नाव न घेता नुसतंच "ए" म्हणाली.

तिचा फ्रीज तरंगायला लागला होता. इतकं अवजड धूड पाण्यात असं हलकं होतं हे मला तेव्हाच कळलं. तो वाहून दारात अडकू नये म्हणून ती नायलॉनच्या दोरीने त्याला दाराशेजारच्या खिडकीच्या गजाला बांधत होती. ओढायला पकड यावी म्हणून दोरीचा वेढा स्वतःच्याच हाताला दिला होता. फ्रीज एका बाजूला कलला, दोरीला हिसका बसला आणि तिचा डावा हात गजाला आवळला गेला. ओली नायलॉनची गाठ आवळली की नखाने सुटत नाही. तिची बोटं पांढरी पडली होती.

मी धावत जाऊन सुरी आणली. लाकडी मुठीची, रोजच्या कापाकापीची. कापायला पुढे झाले तर ती ओरडली, "तू नको कापू. मना दे."

तिला भीती होती, मी दोरीऐवजी तिचा हात कापीन. त्या पाण्यातही तिला ते सुचलं. मला राग आला. खोटं कशाला लिहू, खूप राग आला. तिचा उजवा हात मोकळा होता. तो तिने माझ्यासमोर पसरला. मी वाकले, सुरी तिच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि हात मागे घेतला.

आमच्याकडे सुरी, विळी, कोयता कुणाच्या हातात देत नाहीत. मीठ-मिरचीही नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. हातात दिलं की दोघांत भांडण होतं. सासूने पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं, तसंच कुंदालाही शिकवलं. चाळीस वर्षं मी हे करत आले आहे. मच्छीवालीची सुरी परत देताना करते, स्नेहलला टोमॅटो कापायला सुरी देताना करते. डोक्याला विचारावं लागत नाही, कंबर आपोआप वाकते.

पण त्या दिवशी उंबरा दिसत नव्हता. वर गुडघाभर तपकिरी पाणी वाहत होतं. सुरी ठेवली तिथे क्षणभरही राहिली नाही. मी दोन्ही हातांनी चाचपलं. उंबरा लागला, दगड लागला, कुणाची तरी चप्पल लागली. सुरी लागली नाही. मान वर केली तेव्हा कुंदा माझ्याकडे बघत होती. ओरडत नव्हती. नुसती बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

विळी, कोयता सगळं पाण्याखाली गेलं होतं, म्हणून मी वरच्या भाडेकरूंकडे गेले. त्यांच्याकडे भाजीची छोटी सुरी होती, बोथट. त्या बाईने आणि मी आळीपाळीने दोरी घासली. किती वेळ लागला ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, नस फार वेळ दाबली गेली.

पाणी ओसरल्यावर ती सुरी जिन्याखालच्या गाळात सापडली. मी धुतली. वापरत नाही, टाकवतही नाही.

गल्लीत कुंदाने सांगितलं, मोठीने मुद्दाम टाकली. म्हणाली, मी हात पसरला होता आणि तिने पाण्यात टाकली. कुणी मला येऊन विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? सवय म्हणून ठेवली, हे खरं आहे. पण तिच्या ओल्या तळहाताला माझी बोटं लागू नयेत असंही मला वाटलं होतं का? रागाने वाकले, की सवयीने? भांडी घासताना, तांदूळ निवडताना मी ते पुन्हा पुन्हा करून बघते. वाकणं तेवढं आठवतं. वाकायच्या आधी मनात काय होतं ते आठवत नाही.

बचत गटातून आल्यावर स्नेहल म्हणाली, दोन्ही घरांना मिळून एकच पिशवी करू, पॅसेजमध्ये खिळ्याला टांगू. ती दोन्हीकडे गोड बोलते. नवीन आहे. सोफ्यावर बसून तिने मला फोनवर चाकू दाखवले. एकाच्या पात्याला मागून करवत, मुठीत होकायंत्र. आमच्या पॅसेजमधून उत्तर दिशा शोधून कुठे जायचं होतं कुणास ठाऊक. एक काळाकुट्ट, म्यानातला, बघूनच पोलीस यावेत असा. एक लाल, घडीचा, त्यात कात्री, स्क्रू ड्रायव्हर, बाटली उघडायचं हत्यार. "आई, हा मस्त आहे, रिव्ह्यू पण चांगले आहेत," ती म्हणाली आणि मागवून टाकला. मला नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

मग तिने कुंदाच्या दारात जाऊन विचारलं, काकी, चालेल ना? आतून आवाज आला, तिला पोहणारा चाकू मागव.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता कळंबोलीला गेले. आमचे हे होते तेव्हा तिथल्या यार्डात माल भरायचे, म्हणून मला एक गोष्ट माहीत होती. ट्रकच्या ताडपत्रीच्या दोऱ्या रात्रंदिवस कापणारी माणसं तिथे आहेत. दोरी कापायची तर त्यांना विचारावं, फोनला नाही. लोखंडाच्या गाड्या, उडणारा गंज, सगळीकडे पुरुष. एका दोरीवाल्याच्या टपरीसमोर मी इतका वेळ उभी राहिले की शेवटी त्यानेच विचारलं, "मौसी, कितना मीटर?" मी म्हटलं, दोरी नको, ती कापता ते पाहिजे.

तो हसला. त्याच्या हातात विकतचा चाकू नव्हताच. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घासून केलेली सुरी होती. वीतभर, एका बाजूला बारीक दात, टोक गोल, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. तो म्हणाला, ओली नायलॉन गुळगुळीत धारेला दाद देत नाही, दात लागतात. टोक गोल कशाला, असं मी विचारलं. घाईत माणूस स्वतःलाच भोसकतो, म्हणाला. इतकं शहाणपणाचं बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मुठीला भोक पाडून हवं, असं मी सांगितलं. त्याने तिथल्या तिथे पाडून दिलं. त्यात मी हातभर केशरी दोरी ओवली. म्हणजे मनगटात घालता येईल आणि सुटली तरी जाणार नाही.

त्याने ती सुरी माझ्यासमोर धरली. मी हात पुढे केला नाही. टपरीच्या फळीकडे बघितलं. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्याने ती फळीवर ठेवली आणि मी उचलली. परतीच्या बसमध्ये हे लक्षात आलं तेव्हा माझा मलाच संताप आला.

लाल चाकू चार दिवसांनी खोक्यातून आला. आता घरात तीन सुऱ्या झाल्या. गाळातली, टपरीवरची आणि फोनवरची. दुपारी घरात कुणी नव्हतं, निदान मला तसं वाटलं. कुठली सुरी कामाची ते बघायला मी नायलॉनची दोरी बादलीत भिजवली. कुंदाची एक खिडकी पॅसेजमध्ये उघडते. त्याच खिडकीचा तोच गज. दोरी गजावरून घेतली, एक टोक डाव्या मनगटाला वेढलं, दुसऱ्या टोकाला पाण्याचा भरलेला कॅन बांधला. कॅन स्टुलाच्या कडेवर ठेवला होता तो पायाने ढकलला. फ्रीजसारखा हिसका नको का बसायला? दोन हात मोकळे असताना कुठलीही सुरी चालते. त्या दिवशी कुंदाला एकच होता.

हिसका बसला. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट बसला. मनगट गजावर आपटलं.

लाल चाकू कमरेला खोचला होता. तो काढला. आणि मग कळलं की घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. एका ओल्या हाताने पातं निघेना. दाताने धरून ओढलं तर कात्री निघाली. पुन्हा ओढलं तर हातातून सुटून फरशीवर पडला. बाकीच्या दोन सुऱ्या मी पलीकडच्या कोपऱ्यात दुसऱ्या स्टुलावर मांडून ठेवल्या होत्या, नीट, ओळीने. पाय लांब करून पाहिला. पोचेना. गाठ ओली, आवळलेली. बोटं आधी लाल झाली, मग जड झाली, मग माझी राहिली नाहीत. कुंदाला हेच झालं असणार. असंच, याच क्रमाने. वर्षभर तिचा हात मी माझ्या बाजूनेच बघत होते.

खिडकीच्या आत काहीतरी हललं. कुंदा घरातच होती. गजाच्या पलीकडे उभी राहून बघत होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

ती दारात आली. कॅन बघितला, दोरी बघितली, गज बघितला. तिला सगळं समजलं. तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. उलट ओठ एका बाजूला वर गेला.

"पिक्चर चाललाय काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "सुरी दे." बारा वर्षांत मी तिला बोललेले हे पहिले दोन शब्द.

तिने घाई केली नाही. स्टुलापाशी गेली. गाळातली सुरी तिने लगेच ओळखली, तिच्यावरून नजर फिरवली आणि हात लावला नाही. केशरी दोरीची उचलली. दोन पावलं माझ्याकडे आली. आणि वाकली.

तिचा हात उंबऱ्याकडे जायला लागला. सुरी खाली ठेवायला. तिने ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. ते तिच्या कमरेने केलं. एकाच सासूने आम्हाला शिकवलं होतं, एकाच स्वयंपाकघरात. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. ती तशीच वाकलेली, मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

मग ती सरळ झाली. माझा उजवा हात धरला, उघडला आणि रबराची मूठ तळहातावर आपटली. तिची ती न वळणारी दोन बोटं माझ्या मनगटाला लागली. थंड होती.

"घे," ती म्हणाली. "झगडा हाय तो हायच."

चार-पाच वेळा घासल्यावर दोरी तुटली. कॅन धाडकन पडला, बूच उडालं आणि सगळं पाणी पॅसेजभर पसरत तिच्या उंबऱ्याला जाऊन लागलं. तिने ते पाणी बघितलं. "पुसून घे," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी पुसलं. एका हाताने पुसायला वेळ लागला. लाल चाकू खोक्यात घालून स्नेहलच्या कपाटात ठेवला. करवतीच्या पात्याची सुरी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगली आहे, पिशवीच्या बाहेर. दोन्ही दारांतून हात पोचतो. संध्याकाळी नळावर कुंदा नेहमीसारखीच मोठ्याने सांगत होती की मोठी आता दुपारी स्वतःला खिडकीला बांधून घेते. बायका नेहमीसारख्याच हसत होत्या.

आज आभाळ भरून आलं आहे. गाळाचा ढीग अजून कडेलाच आहे. मनगटावरचा काळा वळ पिवळा पडत चालला आहे. तिची कंबर वाकलेली दिसली तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. बघ, सवयच आहे ती. तुझंही तसंच झालं. वर्षभर हे कुणीतरी मला सांगावं असं वाटत होतं आणि सांगितलं ते कुंदाच्या कमरेने. त्या रात्री मला शांत झोप लागायला हवी होती.

लागली नाही. कारण तिचा हात अर्ध्यावर थांबला. माझा थांबला नव्हता.